पाळण्यातले पाय

४ ऑक्टोबर २०१९. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, भारतातला पहिला सामना झाला. सॅक्रमेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. हंगाम सुरू व्हायच्या आधीचा, गुणतक्त्यात न धरला जाणारा सामना, आणि प्रेक्षक म्हणून सुमारे तीन हजार शाळकरी मुलं. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी तो १३२-१३१ असा एका गुणानं जिंकला. मुलांनी घसा बसेपर्यंत ओरडून घेतलं. दुसऱ्या दिवशी हेच दोन संघ पुन्हा खेळले आणि परत गेले.

पेसर्सच्या संघात डोमांतास सबोनिस नावाचा तेवीस वर्षांचा लिथुआनियन खेळाडू होता. या पुस्तकाची सुरुवात त्याच्यापासून करायला एक कारण आहे. जून २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, ओरलँडोनं त्याला अकराव्या क्रमांकावर निवडलं आणि त्याच रात्री ओक्लाहोमा सिटीला देऊन टाकलं. वर्षभरानं ओक्लाहोमानं तो आणि व्हिक्टर ओलाडिपो असे दोघं इंडियानाला दिले आणि बदल्यात पॉल जॉर्ज हा मोठा खेळाडू घेतला. २०१९ च्या जुलैत तोच पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे गेला. ओक्लाहोमाला मिळाला शे गिल्जस-अलेक्झांडर, आणि त्याच्याबरोबर पुढच्या वर्षांमधल्या पहिल्या फेरीच्या पाच निवडी. त्यांतल्या एका निवडीवर २०२२ मध्ये जेलन विल्यम्स आला. इकडे इंडियानानं फेब्रुवारी २०२२ मध्ये सबोनिसला सॅक्रमेंटोला, म्हणजे वरळीत समोर उभ्या असलेल्या संघालाच, देऊन टायरीस हॅलिबर्टन मिळवला. जून २०२५ मध्ये अंतिम फेरीत समोरासमोर आले ते ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना. सात सामने झाले, ओक्लाहोमा जिंकलं. दोन्ही संघांच्या पायातला मुख्य दगड सबोनिसचं नाव लिहिलेल्या व्यवहारातून आलेला. आणि सबोनिस स्वतः दोन्हींपैकी कुठल्याच संघात नव्हता.

मैदानावर जे दिसतं त्याच्या खाली असा एक बाजार चालतो. त्यात खेळाडू विकला जातो, खेळाडूवरचा हक्क विकला जातो, आणि अजून शाळेत असलेल्या, कुणी नावही न ऐकलेल्या मुलावरचा हक्कसुद्धा विकला जातो. हे पुस्तक त्या बाजाराबद्दल आहे, आणि विशेष करून त्या बाजारात युरोपातून आलेल्या पोरांबद्दल.

आयपीएलच्या लिलावावर वाढलेल्या वाचकाला ड्राफ्ट समजावून सांगताना पहिली अडचण येते ती पैशाची. लिलावात बोली लागते. हातातला फलक वर जातो, आकडा चढतो, खेळाडूची किंमत चारचौघांत ठरते. ड्राफ्टमध्ये बोली नाहीच. तीस संघ, दोन फेऱ्या. आपली पाळी आली की संघानं एक नाव सांगायचं, बस्स. पहिल्या फेरीत निवडलेल्या मुलाचा पगार कितवा नंबर आला यावरच जवळजवळ ठरतो. १९९५ पासून त्याचं कोष्टकच आहे. पहिल्या दोन वर्षांची हमी, तिसरं आणि चौथं वर्ष ठेवायचं की नाही ते संघाच्या मर्जीवर. निवडलेल्या मुलाला एनबीएत खेळायचं असेल तर त्याच्याशी करार करण्याचा हक्क त्या एकाच संघाकडे. आणि तो हक्क संघ दुसऱ्याला देऊ शकतो, मुलाला न विचारता. म्हणून ड्राफ्टच्या रात्री एका संघाची टोपी घालून मंचावर फोटो काढणारा मुलगा अर्ध्या तासात दुसऱ्याच शहराचा झालेला असतो.

ही पद्धत मूळची अमेरिकन फुटबॉलमधली, १९३६ ची. बास्केटबॉलनं ती १९४७ मध्ये उचलली. मागची कल्पना सरळ आहे: जो सर्वांत जास्त हरला त्याला पुढच्या वर्षीचा सर्वांत चांगला मुलगा निवडू द्या, म्हणजे तागडी सारखी राहील. पण जो नियम हरणाऱ्याला बक्षीस देतो तो हरायलाही शिकवतो. संघ मुद्दाम सामने सोडतात अशी कुजबुज वाढली तेव्हा १९८५ मध्ये लॉटरी आली. आज ती अशी चालते: यंत्रात चौदा चेंडू, त्यांतले चार काढायचे. चार चेंडूंचे १,००१ संच होतात. एक बाजूला ठेवून उरलेले हजार संच प्लेऑफला न पोचलेल्या चौदा संघांत वाटलेले असतात. तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४०. म्हणजे सगळ्यांत वाईट हंगाम खेळलेल्या संघालाही पहिल्या नंबरची शक्यता फक्त चौदा टक्के. २०२५ मध्ये डॅलसकडे हजारातले अठरा संच होते आणि पहिला नंबर डॅलसलाच लागला. त्या डॅलसची आणखी एक गोष्ट पुढे येईल.

दुसरी अडचण पुढच्या वर्षांच्या निवडी विकण्याची. आपल्याकडे 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' म्हणतात. अमेरिकेत या तुरी वीस कलमी कराराने विकतात. २०१३ मध्ये ब्रुकलिननं बॉस्टनकडून केविन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले. एक सदतीस वर्षांचा, दुसरा पस्तीस. बदल्यात पुढच्या काही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी बॉस्टनला दिल्या. ब्रुकलिनचा हिशेब असा, की आम्ही लगेच जिंकू, मग आमची पाळी शेवटी येईल आणि बॉस्टनच्या हाती फारसं काही लागणार नाही. ब्रुकलिन कोसळलं. त्या निवडींतून बॉस्टनला जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले, आणि २०२४ मध्ये विजेतेपद. व्यवहार झाला तेव्हा ब्राउन सोळा वर्षांचा होता आणि टेटम पंधरा. त्या टेबलावर त्यांची नावं कुणीच उच्चारली नव्हती. असं दिवाळं कुणी काढू नये म्हणून एक नियम आधीपासून आहेच: सलग दोन वर्षं पहिल्या फेरीच्या निवडीविना राहावं लागेल असा सौदा कुठल्याही संघाला करता येत नाही. या नियमाला ज्यांचं नाव लोकांनी चिकटवलं ते टेड स्टेपियन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक होते आणि निवडी वाटत सुटले होते. एखाद्या मालकाचं नाव विजेतेपदामुळे टिकतं; स्टेपियन यांचं टिकलं ते त्यांच्यापासून इतरांना वाचवण्यासाठी केलेल्या नियमामुळे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. ड्राफ्टचा सगळा डोलारा याच समजुतीवर उभा आहे. हजारो सामने पाहणारे स्काउट, हाताची लांबी आणि उडी मोजणारे तज्ज्ञ, आकडेमोड करणारे संगणक, सगळे अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या पाळण्यात वाकून बघत असतात. अमेरिकन कॉलेजमधला मुलगा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खेळतो. युरोपातल्या मुलाचा पाळणा मात्र दूर, परक्या भाषेच्या घरात. म्हणून या समजुतीची खरी परीक्षा तिथे होते.

डोमांतासचे वडील आर्विदास सबोनिस यांच्यापासून ही गोष्ट सुरू होते. कौनासच्या झाल्गिरिसकडून खेळणारा २.२१ मीटर उंचीचा हा माणूस पासही लहान चणीच्या खेळाडूसारखे द्यायचा. १९८५ मध्ये अटलांटानं त्याची निवड केली, पण वयाच्या अटीत बसत नाही म्हणून ती रद्द झाली. १९८६ मध्ये पोर्टलंडनं चोविसाव्या नंबरवर त्याला घेतलं. घेतलं म्हणजे काय, तर कागदावर नाव लिहिलं. लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होतं आणि सबोनिस यांना देशाबाहेर खेळायची परवानगी नव्हती. १९८८ मध्ये सोलच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला हरवून सोव्हिएत संघ सुवर्णपदकापर्यंत गेला, त्यात ते होते. पुढे स्पेनमध्ये खेळले, रेआल माद्रिदबरोबर १९९५ चा युरोपीय चषक जिंकला आणि मग, निवड झाल्यावर नऊ वर्षांनी, पोर्टलंडला पोचले. तोवर टाचेची शीर दुखावून गेलेली, गुडघे झिजलेले. तरीही ते एनबीएत चांगले खेळले. पण तिथल्या प्रेक्षकांना मिळाला तो चालत खेळणारा सबोनिस. धावणारा त्यांनी पाहिलाच नाही.

त्याच ड्राफ्टमध्ये त्याच पोर्टलंडनं साठाव्या नंबरवर क्रोएशियाचा द्राझेन पेट्रोविच घेतला होता. तो १९८९ मध्ये आला आणि बाकावर बसला. युरोपात एकेका सामन्यात गुणांचा पाऊस पाडणाऱ्या माणसाला इथे काही मिनिटं मिळत. १९९१ च्या जानेवारीत न्यू जर्सीला गेल्यावर त्याला मैदान मिळालं आणि दोन हंगामांत तो लीगमधल्या अव्वल नेमबाजांत गणला जाऊ लागला. जून १९९३ मध्ये जर्मनीतल्या रस्त्यावर अपघातात गेला, अठ्ठाविसाव्या वर्षी. पोर्टलंडला पाय दिसले होते, दोघांचेही. एकाला आणता आलं नाही, दुसऱ्याला खेळवलं नाही.

मला या पुस्तकात जे म्हणायचं आहे ते इथून सुरू होतं. निवडीचा नंबर मुलाच्या छातीवर चिकटतो, पण खरं म्हणजे तो बघणाऱ्याचा निकाल असतो. आणि बघणाऱ्याचं काम नाव पुकारल्यावर संपत नाही. तिथे ते सुरू होतं.

डर्क नोविट्स्की १९९८ मध्ये वुर्झबुर्गच्या क्लबकडून जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत होता. होल्गर गेश्विंडनर नावाचे जुने खेळाडू त्याला स्वतःच्या पद्धतीनं घडवत होते. डॅलसनं सहाव्या नंबरवर रॉबर्ट ट्रेलरला निवडून मिलवॉकीला दिलं आणि मिलवॉकीनं नवव्या नंबरवर निवडलेला नोविट्स्की घेतला. पहिलं वर्ष त्याला जड गेलं. डॅलसनं धीर धरला, गेश्विंडनर यांनाही दूर केलं नाही. एकवीस हंगाम तो एकाच संघाकडून खेळला. २००७ मध्ये हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरणारा पहिला युरोपीय तो, आणि २०११ मध्ये विजेताही.

त्याच्या यशानं डोळे दिपले, आणि दिपलेल्या डोळ्यांना नीट दिसत नाही. २००३ मध्ये डेट्रॉइटनं दुसऱ्या नंबरवर सर्बियाचा डार्को मिलिचिच घेतला. नुकतीच अठरा पूर्ण झालेली. त्याच्या मागे कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड उभे होते. डेट्रॉइटचा संघ तेव्हाच तयार होता आणि पुढच्या वर्षी विजेताही झाला. अशा संघात कोवळ्या पोराला मिनिटं कोण देणार? डार्कोला विजेतेपदाची अंगठी मिळाली, खेळायला मिळालं नाही. नंतर तो संघ बदलत राहिला आणि शेवटी सर्बियात परतून फळबागायतीत रमला. वीस वर्षं त्याचं नाव फसलेल्या निवडीचा दाखला म्हणून घेतलं जातंय. निवडणाऱ्यांना तो दाखला इतका चिकटलेला नाही.

याच्या नेमकं उलट निकोला योकिचचं. जून २०१४, दुसरी फेरी, एकेचाळिसावा नंबर. नाव पुकारलं गेलं तेव्हा अमेरिकन वाहिनीवर एका खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती; योकिच सर्बियात झोपलेला होता. डेन्व्हरनं त्याला आणखी एक वर्ष बेलग्रेडच्या मेगा क्लबकडेच राहू दिलं. हक्क राखायचा आणि मुलगा तिकडेच वाढू द्यायचा, ही युक्ती संघ बहुधा पैसे आणि जागा वाचवण्यासाठी करतात. इथे त्या युक्तीनं मुलाला एक वर्ष दिलं. पुढे तो तीनदा हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये डेन्व्हरला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळालं. चाळीस वेळा कुणी ना कुणी त्याला ओलांडून पुढे गेलं होतं, आणि त्यात खुद्द डेन्व्हरही होतं. त्या रात्री योकिचच्या आधी त्यांनी दुसरी नावं घेतली होती.

आणि मग २०१८. स्लोव्हेनियाचा लुका डोन्चिच कुणापासून लपलेला नव्हता. तेराव्या वर्षी ल्युब्लियाना सोडून रेआल माद्रिदच्या अकादमीत गेला, सोळाव्या वर्षी मोठ्यांच्या संघातून खेळला, एकोणिसाव्या वर्षी युरोलीग जिंकून तिचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिला नंबर फिनिक्सचा होता. त्यांचे नवे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह यांनीच आदल्या वर्षी डोन्चिचच्या स्लोव्हेनियाला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. दुसरा नंबर सॅक्रमेंटोचा. मालक मूळचे मुंबईचे विवेक रणदिवे. जनरल मॅनेजर व्लादे दिवाच, स्वतः १९८९ मध्ये बेलग्रेडहून लेकर्सकडे आलेले. युरोपातल्या मुलाला ओळखायला यांच्याहून जवळचे डोळे कुठून आणणार? फिनिक्सनं डिआंद्रे एटन घेतला, सॅक्रमेंटोनं मार्विन बॅगली. डोन्चिच तिसऱ्या नंबरवर अटलांटाकडे आणि तिथून अदलाबदलीत डॅलसकडे गेला. पाळण्याजवळ राहिल्यानं पाय दिसतातच असं नाही, हे त्या रात्रीनं दाखवलं.

पण गोष्ट तिथे थांबत नाही, आणि म्हणूनच ड्राफ्टवर लिहिताना अदलाबदलींवर लिहावंच लागतं. ज्या डॅलसनं नोविट्स्कीला एकवीस वर्षं जपलं, डोन्चिचला हेरून मिळवलं, आणि २०२४ मध्ये त्याच्या जोरावर अंतिम फेरी गाठली, त्याच डॅलसनं फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला एका मध्यरात्री त्याला लेकर्सला देऊन टाकलं. मोबदला: अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ ची पहिल्या फेरीतली एक निवड. डोन्चिच तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. बातमी खोटी असेल असं वाटून लोकांनी ती पुन्हा पुन्हा तपासली. तीन महिन्यांनी लॉटरीत ते अठरा संच लागले आणि डॅलसला कूपर फ्लॅग मिळाला. यात अक्कल किती आणि दैव किती, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

या काळात युरोपातला पाळणाही बदलला. तिथे ड्राफ्ट नसतो. क्लब बारा-तेरा वर्षांची मुलं घेतो, शाळा, वसतिगृह, प्रशिक्षक देतो आणि एक दिवस मोठ्यांच्या संघात उतरवतो. अमेरिकेला मुलगा हवा तर क्लबशी असलेला करार सोडवण्याची रक्कम भरावी लागते; एनबीए संघाला त्यातला ठरावीक लहान वाटाच उचलता येतो, बाकी मुलाच्या पगारातून जातो. फ्रान्सनं या व्यवस्थेतून काय केलं ते पाहा: २०२३ मध्ये पहिल्या नंबरवर व्हिक्टर वेम्बान्यामा, २०२४ मध्ये पहिल्या नंबरवर झाकारी रिसाशे, आणि त्या वर्षीच्या पहिल्या सहांत तिघे फ्रेंच. मात्र आता अमेरिकन कॉलेजांतच खेळाडूंना उघडपणे पैसे मिळू लागले आहेत. त्यामुळे येगोर द्योमिन माद्रिद सोडून युटातल्या विद्यापीठात गेला, कास्पारास याकुचोनिस बार्सिलोनाहून इलिनॉयला. दोघेही २०२५ मध्ये पहिल्या फेरीत निवडले गेले. ज्या क्लबांनी मुलं घडवली त्यांच्या हाती काय उरेल, हा प्रश्न या पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहे.

पुस्तकाची रचना साधी आहे. पहिला भाग नियमांचा. कंटाळा आला तर तो नंतर वाचावा, पण वाचावा. दुसरा भाग माणसांचा, तिसरा अदलाबदलींचा, चौथा युरोपातल्या क्लबांचा. पुढच्या वर्षी कोण चमकेल याची भाकितं इथे नाहीत. एक प्रकरण सतनामसिंग भामरावर आहे. पंजाबातल्या बल्लो के गावच्या या मुलाला २०१५ मध्ये डॅलसनं बावन्नाव्या नंबरवर घेतलं. भारतात जन्मून निवडला गेलेला तो पहिला. एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याला मिळाला नाही. त्याच्याकडे दयेनं बघू नये आणि चमत्कार म्हणूनही बघू नये, असा प्रयत्न केला आहे.

परिशिष्टात वर्षवार निवडींचे तक्ते आहेत. नंबर, नाव, संघ. ते वाचताना एक सवय लावून घ्यावी. '१९९८, नववा, डर्क नोविट्स्की, मिलवॉकी' अशी ओळ दिसेल. मिलवॉकीकडून तो एक दिवसही खेळला नाही. '१९८६, चोविसावा, आर्विदास सबोनिस, पोर्टलंड' ही ओळ खरी आहे, फक्त तिच्यात नऊ वर्षं दिसत नाहीत. त्या नऊ वर्षांनंतर, १९९६ च्या मे महिन्यात, वडील पोर्टलंडकडून खेळत असताना तिथेच डोमांतास जन्मला. स्पेनमध्ये मालागाला वाढला, कॉलेजसाठी अमेरिकेला गेला. तक्त्यात त्याचीही एक ओळ आहे: '२०१६, अकरावा, ओरलँडो'. ओरलँडोकडून तो एकही सामना खेळलेला नाही. वरळीला येऊन गेला, ते तर कुठल्याच तक्त्यात नाही.